67 टक्क्यांचे सरकार: स्वीडनच्या प्रकरणात नेमके काय मोजायचे

1993 मध्ये स्वीडनचा सरकारी खर्च जीडीपीच्या सुमारे 67 टक्क्यांवर गेला. मोजणीची व्याख्या थोडी बदलली तर हाच आकडा 70 च्या आसपास येतो. श्रीमंत देशांत शांततेच्या काळात एवढे मोठे सरकार क्वचितच दिसले आहे. त्याच सुमारास देशाचे उत्पादन सलग तीन वर्षे घटले, सुमारे पाच लाख रोजगार गेले आणि अर्थसंकल्पी तूट जीडीपीच्या 11 टक्क्यांच्या वर चढली. 2000 सालापर्यंत सरकारी खर्चाचे प्रमाण 55 टक्क्यांच्या आसपास उतरले, आज ते 50 च्या जवळ आहे, आणि मधल्या काळात स्वीडनची वाढ बहुतेक युरोपीय शेजाऱ्यांपेक्षा चांगली राहिली.

एवढे वाचून निष्कर्ष सरळ वाटतो: सरकार फुगले, देश बुडाला, सरकार आटले, देश सावरला. स्वीडनचे प्रकरण याच कारणासाठी जगभर सांगितले जाते. उलट बाजूचे लोक म्हणतात की 50 टक्क्यांचे सरकारही जगातल्या मोठ्या सरकारांपैकीच आहे आणि तरीही देश श्रीमंत आहे, मग आकाराने काय बिघडले? दोन्ही बाजू तोच आकडा हातात घेऊन भांडतात. तो आकडा उलगडून पाहिला तर वेगळीच गोष्ट हाती लागते. स्वीडनचे नुकसान सरकारच्या एकूण आकाराने जितके केले, त्याहून कितीतरी जास्त पैसा गोळा करण्याच्या पद्धतीने आणि खर्च मंजूर करण्याच्या पद्धतीने केले. दुरुस्तीही मुख्यतः तिथेच झाली.

आकड्याच्या पोटात काय असते

सरकारी खर्च भागिले जीडीपी, एवढेच हे गुणोत्तर. पण वरच्या अंकात तीन फार वेगळ्या गोष्टी एकत्र असतात. एक, शिक्षक, परिचारिका, पोलीस यांचे पगार आणि सेवांसाठीची खरेदी. स्वीडनमध्ये हा भाग जीडीपीच्या चौथ्या हिश्श्याहून थोडा जास्त असतो. दोन, एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जाणारा पैसा: पेन्शन, आजारपणाचा भत्ता, बेकारी भत्ता, बालभत्ता. तीन, व्याज, उद्योगांना अनुदाने आणि सार्वजनिक गुंतवणूक. यातला दुसरा ढीग मोठा आहे, आणि त्यात सरकार स्वतः काहीच वापरून टाकत नाही. म्हणून "67 टक्के अर्थव्यवस्था सरकार खाते" हे वाक्य मुळातच चूक आहे.

आणखी एक मेख. स्वीडनमध्ये पेन्शन आणि आजारपणाचा भत्ता करपात्र असतात. सरकार 100 क्रोना (स्वीडनचे चलन) देते आणि त्यातले 25-30 लगेच कर म्हणून परत घेते, पण खर्चाच्या रकान्यात पूर्ण 100 लागतात. दुसरा एखादा देश करमुक्त 72 देतो. म्हाताऱ्याच्या हातात तेवढेच पडते आणि सरकार मात्र लहान दिसते. तिसरा देश मुलांसाठी भत्ता न देता पालकांना करसवलत देतो. तिथे खर्च शून्य दिसतो. दोन देशांचे आकार शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याने आधी हा फरक काढून टाकायला हवा. बहुतेक जण तो काढत नाहीत.

आता भाजक. समजा सरकारी खर्च जीडीपीच्या 60 टक्के आहे, तो वर्षाला 4 टक्क्यांनी वाढतो आणि मंदीमुळे जीडीपी चालू किमतींत जागच्या जागी थांबतो. तीन वर्षांत 60 चे 67.5 होतात. एकही नवी योजना नाही, एकही नवा विभाग नाही. 1991 ते 1993 मध्ये साधारण हेच घडले: बेकारी 2 टक्क्यांखालून 8 टक्क्यांच्या वर गेल्याने भत्त्यांचा खर्च आपोआप वाढला, बँका वाचवायला पैसा गेला आणि भाजक आकसला. म्हणजे 60 पासून 67 पर्यंतची चढण बरीचशी संकटाचा परिणाम होती. तिला संकटाचे कारण म्हणून मांडणे म्हणजे तापमापकामुळे ताप आला असे म्हणणे.

उतरणीचेही तसेच. खर्च वर्षाला 2 टक्क्यांनी आणि चालू किमतींतील जीडीपी 5 टक्क्यांनी वाढत राहिला, तर 67 पासून निघालेले गुणोत्तर पाच वर्षांत 58 वर येते. खर्च प्रत्यक्ष घटला नाही, उलट वाढला, तरीही सरकार नऊ अंकांनी "लहान" झाले. कारण-परिणामाची दिशा उलटी लागण्याचा हा सर्वांत सामान्य मार्ग.

श्रीमंती आधी, मोठे सरकार नंतर

तरीही 60 पर्यंतची चढण खरी होती, आणि ती धोरणातून आली होती. 1960 च्या सुमारास स्वीडनचा सरकारी खर्च जीडीपीच्या साधारण 31 टक्के होता. पश्चिम युरोपात तेव्हा हे प्रमाण अगदी सर्वसाधारण. शंभर वर्षांची जोमदार वाढ याच मध्यम आकाराच्या सरकारच्या काळात झाली होती आणि 1970 मध्ये दरडोई उत्पन्नात देश जगात चौथा होता. 1980 येईतो प्रमाण 60 टक्क्यांवर गेले. वीस वर्षांत दुप्पट. नोकरी करणाऱ्या दर तिघांपैकी जवळपास एक जण सार्वजनिक क्षेत्रात आला. 1993 मध्ये देशाचा क्रमांक चौदावा लागला.

या घसरणीवर 1990 च्या दशकात मोठा वाद झाला. असार लिंडबेक आणि इतर अर्थतज्ज्ञांनी वाढीचा वेग मंदावल्याचे खापर मुख्यतः कर, भत्ते आणि गोठलेल्या बाजारांवर फोडले. समाजशास्त्रज्ञ वॉल्टर कोर्पी यांनी उत्तर दिले की क्रमांक हे मोजमापच फसवे आहे: मधले अनेक देश एकमेकांपासून दोन-तीन टक्क्यांच्या अंतरावर आहेत, थोडे मागे पडले की पाच-सहा क्रमांक जातात, शिवाय तुलनेचे शेवटचे वर्ष म्हणून मंदीचे वर्ष निवडले तर हवा तो निकाल मिळतो. कोर्पी यांचा हा आक्षेप रास्त आहे आणि आजही प्रत्येक तुलनेला लागू पडतो. पण तो मान्य केल्यावरही 1970 नंतरची दोन दशके सुस्त होती हे उरतेच. 1976 ते 1982 या सहा वर्षांत क्रोनाचे पाच वेळा अवमूल्यन करावे लागले, ही काही क्रमवारीची गंमत नव्हे. मजुरी आणि किमती उत्पादकतेच्या पुढे धावत होत्या आणि चलन स्वस्त करून दर वेळी तात्पुरता श्वास घेतला जात होता.

याच काळातल्या मोठ्या सरकारच्या काही भागांनी वाढीला हातभारही लावला. 1971 पासून नवरा-बायकोचा कर वेगवेगळा लावला जाऊ लागला. बायकोच्या कमाईवर नवऱ्याच्या वरच्या टप्प्याचा कर बसणे थांबले. जोडीला नगरपालिकांनी पाळणाघरे उभारली. परिणामी स्त्रियांचा रोजगारातला वाटा जगातल्या सर्वांत उंच प्रमाणांपैकी एक झाला. हाही सरकारी खर्चच, आकार वाढवणाराच. एकाच गुणोत्तरात पाळणाघर आणि बुडत्या जहाजबांधणी कारखान्याचे अनुदान शेजारी बसलेले असतात. वाढीवर दोघांचा परिणाम विरुद्ध दिशेने होतो.

पाचर जवळून

काम करून घेणारा जे मोजतो आणि काम करणाऱ्याच्या हातात जे पडते, त्यांच्यामध्ये करांमुळे पडणारे अंतर म्हणजे पाचर. कराचा खरा त्रास कुठे होतो ते पाहायला एका रंगाऱ्याचे गणित पुरेसे आहे. दर आजचे घेतो, म्हणजे सुधारणा झाल्यानंतरचे: मालकाची सामाजिक वर्गणी पगाराच्या 31.42 टक्के, नगरपालिकेचा आयकर सुमारे 32 टक्के, वरच्या उत्पन्नावर राज्याचा आणखी 20 टक्के, व्हॅट 25 टक्के.

एका अभियंत्याला घर रंगवून घ्यायचे आहे. रंगाऱ्याच्या हातात कर भरून 100 क्रोना पडायला हवेत. त्यासाठी त्याचा पगार 147 हवा. त्यावर मालकाची वर्गणी धरून 193. व्हॅट लावला की बिल 242. माल आणि नफा अजून धरलेलाच नाही. हे 242 देण्यासाठी अभियंत्याने, वरच्या टप्प्यात 52 टक्के कर भरून, 503 क्रोना जादा पगार मिळवायला हवा. आणि त्याच्या मालकाला त्या 503 साठी 661 मोजावे लागतात.

म्हणजे एका टोकाला 661, दुसऱ्या टोकाला 100. अभियंत्याचा जादा पगार रंगाऱ्याच्या हातातल्या कमाईच्या पाचपट असेल तरच रंगारी बोलावणे परवडते. नाहीतर तो रजा काढून स्वतःच ब्रश हातात घेतो, किंवा रंगाऱ्याला बिलाशिवाय रोख देतो. दोन्हींत सरकारला काहीच मिळत नाही. पहिल्यात तर कुशल अभियंता अकुशल रंगारी बनतो आणि रंगारी बेकार राहतो. वाढीचे नुकसान म्हणतात ते हे. ते वर्षाच्या ताळेबंदात कुठेही ठळक दिसत नाही.

1970 च्या दशकाच्या शेवटी वरच्या टप्प्याचा सीमांत कर, म्हणजे कमाईतल्या शेवटच्या क्रोनावर लागणारा कर, 85 टक्क्यांच्या आसपास होता, तेव्हा हे गणित किती बिघडलेले असेल याची कल्पना करता येते. 1976 मध्ये बालसाहित्यिका ॲस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या कमाईवर सीमांत कर 102 टक्के निघाला आणि त्यांनी तो वर्तमानपत्रातून जाहीरपणे मांडला. हा आकडा छापण्यातली चूक नव्हता. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला आयकरही भरायचा आणि मालक म्हणून सामाजिक वर्गणीही. दोन कायदे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या खात्यांतून आले आणि त्यांची बेरीज शंभराच्या पुढे जाते हे कुणी एकत्र मांडून पाहिलेच नव्हते. त्याच वर्षी सोशल डेमोक्रॅट पक्षाची चार दशकांहून अधिक काळाची सत्ता गेली.

2007 मध्ये घरकामाच्या सेवांवर मजुरीच्या 50 टक्के करसवलत आली. 2008 च्या अखेरीस घरदुरुस्ती आणि रंगकामालाही तशीच मिळाली, जी 2016 पासून 30 टक्के झाली. वरच्या उदाहरणात 30 टक्के सवलत धरली तर अभियंत्याला 503 ऐवजी 352 कमवावे लागतात. आणि ही सवलत कर कमी करून दिली असल्याने खर्चात दिसत नाही. तोच पैसा रंगाऱ्यांना अनुदान म्हणून दिला असता तर सरकार मोठे झाल्याची नोंद झाली असती.

भांडवलावरच्या कराची कथा याहून वाईट. 1980 च्या सुमारास एखाद्या कुटुंबाने नवे शेअर घेऊन उद्योगात पैसा घातला, तर महागाई धरून त्यावरचा प्रभावी सीमांत कर 100 टक्क्यांहून जास्त बसत होता. तीच गुंतवणूक करमुक्त संस्थेने कर्जरूपाने केली तर प्रभावी कर उणे होता, म्हणजे सरकारच वरून पैसे देत होते. याचा अर्थ जुन्या, मोठ्या, कर्ज सहज मिळणाऱ्या कंपन्यांना अनुदान आणि नव्या उद्योजकाला दंड. मोठ्या स्वीडिश कंपन्यांतल्या बहुसंख्य 1970 च्या आधी जन्मलेल्या आहेत, त्यामागे ही रचना एक कारण आहे. गंमत म्हणजे या सगळ्यातून सरकारला भांडवलावरचा निव्वळ महसूल फारसा मिळतच नव्हता. आकारात भर नाही, नुकसान मात्र पुरेपूर.

संकट कशाने आले

नोव्हेंबर 1985 मध्ये बँकांच्या कर्जवाटपावरची मर्यादा उठली. कराचे नियम मात्र तेच राहिले. कर्जावरचे व्याज उत्पन्नातून वजा करता येत होते आणि त्या वजावटीची किंमत तेव्हा साधारण 50 टक्के होती, म्हणजे व्याजाच्या निम्म्याइतका कर वाचे. समजा व्याज 13 टक्के, महागाई 8 टक्के. वजावट धरून व्याज 6.5, महागाई काढली की उणे 1.5. कर्ज काढून मालमत्ता घेणाऱ्याला बक्षीस मिळत होते. पतपुरवठा फुगला, घरे आणि कार्यालयांच्या किमती चढल्या.

मग 1990-91 ची करसुधारणा आली. ती आवश्यक होती आणि चांगली होती: भांडवली उत्पन्नावर सरसकट 30 टक्के, कंपनी कर 50 टक्क्यांच्या वरून 30 वर, बहुसंख्य लोकांना फक्त नगरपालिकेचा कर, वरच्यांना साधारण 50 टक्के. बदल्यात सवलती काढल्या आणि व्हॅटची व्याप्ती वाढवली. पण वेळ फार वाईट साधली. वजावटीची किंमत 50 वरून 30 झाली आणि त्याच सुमारास महागाई कोसळून 2 टक्क्यांच्या आसपास आली. तेच 13 टक्के व्याज आता वजावटीनंतर 9.1 आणि खरे व्याज अधिक 7.1. उणे 1.5 पासून अधिक 7.1 पर्यंत, दोन-तीन वर्षांत. मालमत्तेच्या किमती पडल्या, तारण निकामी झाले, बँका अडचणीत आल्या.

सरकारने सप्टेंबर 1992 मध्ये बँकांच्या सगळ्या देण्यांची हमी घेतली. चलन स्थिर ठेवण्याच्या हट्टापायी 16 सप्टेंबर 1992 रोजी रिक्सबँकेने, म्हणजे स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने, आपला सीमांत व्याजदर 500 टक्के केला. तरी 19 नोव्हेंबरला क्रोना बाजारावर सोडावा लागला. या साखळीत सरकारचा आकार नेमका कुठे येतो? मोठ्या सरकारमुळे कराचे दर चढे, चढ्या दरांमुळे वजावट मौल्यवान, मौल्यवान वजावटीमुळे कर्जाचा फुगा. अप्रत्यक्ष आहे, पण आहे. तेवढाच कर वजावट न देता गोळा केला असता तर ही कडी तुटली असती.

दुरुस्ती: रक्कम आणि रीत

डिसेंबर 1992 मध्ये संकटावर उपाय सुचवायला नेमलेल्या लिंडबेक आयोगाने मार्च 1993 मध्ये 113 शिफारशी दिल्या. 1994 मध्ये सोशल डेमोक्रॅट सत्तेत परतले आणि अर्थमंत्री योरान पेर्शॉन यांनी चार वर्षांचा कार्यक्रम हाती घेतला. आवाका सुमारे 125 अब्ज क्रोना, जीडीपीच्या साधारण 8 टक्के. ढोबळमानाने निम्मा भार खर्चकपातीवर आणि निम्मा करवाढीवर. "सरकार कापले म्हणून देश सावरला" म्हणणाऱ्यांनी हा निम्मा भाग विसरू नये. वरच्या उत्पन्नावर 1995 मध्ये लावलेला 5 टक्क्यांचा जादा कर 2020 पर्यंत टिकला.

भत्त्यांचे दर पगाराच्या 90 टक्क्यांवरून 80 आणि मग 75 वर आणले, 1998 मध्ये पुन्हा 80 केले. आजारपणाचा पहिला दिवस बिनपगारी करण्याची तरतूद 1987 च्या अखेरीस काढून टाकली होती, ती एप्रिल 1993 मध्ये परत आली. 1992 पासून आजारपणाचे पहिले दोन आठवडे मालकाने सोसायचे ठरले. ही शेवटची दुरुस्ती लहान दिसते, पण महत्त्वाची आहे: खर्च ज्याच्या हातात कमी करणे आहे त्याच्याच खिशाला लावला की गैरहजेरीकडे लक्ष जाते.

मात्र टिकाऊ काम झाले ते अर्थसंकल्पाच्या रीतीत. अर्थतज्ज्ञ पेर मोलांदेर यांनी युर्गन फॉन हागेन यांच्या, अर्थसंकल्पाची रीत किती कडक आहे हे मोजणाऱ्या युरोपीय निर्देशांकावर स्वीडनची पद्धत तपासली तेव्हा ती तळापासून दुसरी निघाली. खाली फक्त इटली. दोष तीन होते. संसद प्रत्येक बाब वेगळी मंजूर करी, बेरीज शेवटी कळे. त्यामुळे प्रत्येक बाबीवर वेगळी युती होऊन रक्कम वाढे आणि एकूण तुटीचा धनी कुणीच नसे. दुसरे, बऱ्याच तरतुदी अंदाजवजा होत्या. खर्च जास्त झाला तर आपोआप दिला जाई. तिसरे, पुढच्या दोन-तीन वर्षांवर कसलेच बंधन नव्हते.

1996 च्या कायद्याने हा क्रम उलटा केला. आता संसद आधी एकूण खर्चाची मर्यादा ठरवते, मग 27 विभागांत तिची वाटणी करते आणि शेवटी विभागाच्या आतल्या बाबी पाहते. एखाद्या सदस्याला शाळांसाठी जादा पैसे हवे असतील तर त्याच विभागातून काय कमी करायचे हे त्यालाच सांगावे लागते. मर्यादा क्रोनाच्या ठोस रकमेत, तीन वर्षे आधी ठरते. 1997 पासून ती लागू झाली. सरकारी कर्जावरचे व्याज तिच्या बाहेर, पेन्शन आत. अर्थसंकल्पी वर्ष जुलै-जूनऐवजी कॅलेंडरप्रमाणे केले आणि सांधा जुळवण्यासाठी 1995-96 चा अर्थसंकल्प 18 महिन्यांचा झाला. 2000 पासून नगरपालिकांनाही तोंडमिळवणी बंधनकारक झाली.

यात एक शांत यंत्रणा आहे जिच्याकडे बाहेरच्यांचे लक्ष फारसे जात नाही. सरकारी कार्यालयांच्या प्रशासकीय खर्चाला दरवर्षी मजुरीवाढीप्रमाणे वाढ मिळते, पण त्यातून खासगी सेवाक्षेत्राच्या उत्पादकतावाढीची दहा वर्षांची सरासरी वजा होते. वर्षाला एक-दीड टक्का, कुणाच्याही लक्षात न येता. कुठलीच जाहीर कपात नाही, तरी प्रशासन दहा वर्षांत अर्थव्यवस्थेच्या तुलनेत आकसते. याची दुसरी बाजूही सांगायला हवी: जिथे कामाचा वेग वाढवणे शक्य नसते, जसे न्यायालयातली सुनावणी, तिथे हीच वजावट हळूहळू दर्जा पोखरते.

1998 च्या पेन्शन कायद्याने पुढच्या पिढीचा खर्च बांधला. कमाईच्या 18.5 टक्के वर्गणी. त्यातले 16 टक्के हिशेबाच्या खात्यात नोंदले जातात आणि 2.5 टक्के प्रत्यक्ष गुंतवले जातात. आयुर्मान वाढले की मासिक पेन्शन आपोआप कमी, आणि देणी जमेपेक्षा जास्त झाली की "समतोल यंत्रणा" वाढ रोखते. 2010 मध्ये ती पहिल्यांदा चालली आणि पेन्शनरांच्या हातात कमी पडले. निवडणुकीच्याच वर्षी पेन्शनरांचा आयकर कमी करून तो घाव भरला गेला. नियम वाचला, भार मात्र अर्थसंकल्पावर सरकला.

खर्चमर्यादेलाही अशाच पळवाटा सापडल्या. 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला नगरपालिकांना द्यायची मदत आणि रोजगार अनुदाने "कर खात्यात जमा" या रूपात देण्यात आली. कागदावर तो खर्च नव्हता, महसुलातली घट होती. लेखापरीक्षकांनी टीका केली तेव्हा ही वाट आक्रसली. खर्चावर बंधन घालणाऱ्या कुठल्याही देशाने पहिल्याच दिवशी करसवलतींची यादी खर्चाच्या शेजारी छापायला सुरुवात करावी.

श्रेय वाटताना

1994 नंतरच्या भरारीचे श्रेय कपातीला देण्याआधी निर्यात पाहावी. क्रोना सोडल्यावर काही महिन्यांत तो सुमारे पाचव्या हिश्श्याने स्वस्त झाला. 1992 मध्ये निर्यात जीडीपीच्या 28 टक्क्यांच्या आसपास होती, ती 2000 पर्यंत 40 च्या पुढे गेली. त्याच काळात जगभर मागणी चांगली होती, 1995 मध्ये युरोपीय संघाचे सदस्यत्व मिळाले, आणि दूरसंचार, टपाल, वीज, टॅक्सी, देशांतर्गत विमानसेवा हे बाजार 1990 ते 1996 या काळात स्पर्धेला खुले झाले. 1997 मध्ये उद्योगातल्या कामगार संघटना आणि मालक यांच्यात झालेल्या औद्योगिक करारानंतर मजुरीवाढ निर्यात उद्योगाच्या ऐपतीप्रमाणे ठरू लागली. यातल्या एकाही गोष्टीने सरकारी खर्चाचे गुणोत्तर थेट कमी होत नाही.

2010 नंतर ग्रीसने जबर कपात केली तेव्हा यातले काहीच हाताशी नव्हते. स्वतःचे चलन नव्हते आणि युरोपभर मागणी मंद होती. उत्पादन सुमारे चौथ्या हिश्श्याने घटले आणि खर्च कापूनही गुणोत्तर 50 टक्क्यांच्या वरच राहिले, कारण भाजक अंशाहून वेगाने पडला.

स्वीडनने किंमतही मोजली. 1980 च्या दशकात जगात सर्वांत कमींपैकी असलेली उत्पन्नातली विषमता बरीच वाढली. रुग्णालयांतल्या खाटा आज दर हजारी दोनच्या आसपास, युरोपात सर्वांत कमींपैकी. 90 च्या दशकात नगरपालिकांनी काढलेल्या सहायक कर्मचाऱ्यांतल्या बहुतेक स्त्रिया होत्या. हे नुकसान वाढीच्या आकड्यात दिसत नाही म्हणून ते हिशेबातून वगळणे अन्यायाचे ठरेल.

संशोधनाचा एकूण कल सांगायचा तर आंद्रेआस बेर्ग आणि मॅग्नस हेनरेक्सन यांच्या 2011 च्या आढाव्यात श्रीमंत देशांसाठी असा संबंध मांडला आहे: सरकारचा आकार 10 टक्के-अंकांनी जास्त, तर वार्षिक वाढ साधारण अर्धा ते एक टक्का-अंक कमी. त्याच आढाव्यात नॉर्डिक देश या रेषेपेक्षा वर का राहतात याचीही चर्चा आहे, आणि उत्तर बाजार खुले ठेवणे, मालमत्तेच्या हक्कांची शाश्वती आणि संस्थांवरचा विश्वास यांच्याकडे बोट दाखवते. हा सरासरी संबंध एका देशावर पट्टी लावून मोजायला वापरू नये. भाजकाची उलटी दिशा, वयोमानामुळे वाढणारा पेन्शन खर्च आणि श्रीमंत समाज सेवांवर जास्त खर्च करतो ही जुनी प्रवृत्ती, या तिन्हींचा मिसळलेला परिणाम त्या आकड्यात शिल्लक असतो.

दुसऱ्या एखाद्या देशाचे प्रकरण हाती घेताना म्हणून क्रम असा ठेवावा. गुणोत्तर किमान पंधरा वर्षांचे काढा, दोन टोकांची वर्षे मंदीची नाहीत हे पाहा. खर्चाचे सेवा, हस्तांतर आणि व्याज असे तुकडे करा. भत्त्यांवरचा कर वजा करा, करसवलती मिळवा. मग चालू किमतींतील जीडीपीची वाढ गृहीत धरून गुणोत्तरातला किती बदल नुसत्या भाजकाने झाला ते वेगळे काढा. अनेकदा निम्म्याहून जास्त बदल इथेच संपतो. त्यानंतर एका नोकरदाराची आणि एका नव्या उद्योजकाची पाचर क्रोना, युरो, जे चलन असेल त्यात शेवटच्या टोकापर्यंत मांडा. शेवटी अर्थसंकल्प मंजूर होताना बेरीज आधी ठरते की नंतर, एवढे विचारा.

स्वीडनने 2000 च्या दशकात जीडीपीच्या 2 टक्के शिलकीचे लक्ष्य ठेवले, 2007 मध्ये ते 1 टक्का केले, 2019 मध्ये एक-तृतीयांश टक्का, सोबत सरकारी कर्जासाठी जीडीपीच्या 35 टक्क्यांचा टप्पा. 2027 पासून शिलकीऐवजी नुसती तोंडमिळवणी पुरेशी मानली जाणार आहे. संरक्षणावरचा खर्च वाढतो आहे, त्यामुळे गुणोत्तर पुन्हा वर जाईल. खर्चमर्यादा आणि 27 विभागांची वाटणी मात्र आहे तशीच ठेवली आहे.